जुनी मोटार आणि सुट्या भागांचा बाजार

२०२५ च्या ऑगस्ट महिन्यात केंद्र सरकारने २० वर्षांहून जुन्या मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणासाठी १०,००० रुपये शुल्क ठरविले. १५ वर्षे ओलांडलेल्या मोटारीस हे शुल्क ५,००० रुपये आहे आणि तेही एप्रिल २०२२ पासूनचे. त्यापूर्वी अवघ्या ६०० रुपयांत हे काम होत असे. पाठोपाठ, २२ सप्टेंबर २०२५ पासून, वस्तू व सेवा कराच्या फेररचनेत मोटारीच्या सर्व सुट्या भागांवरील कर सरसकट १८ टक्के झाला. त्यांपैकी बहुतेक भागांवर पूर्वी २८ टक्के कर होता. एका हाताने घ्यावे आणि दुसऱ्या हाताने त्यातले थोडे परत करावे, ही सरकारची जुनीच रीत आहे. परंतु या दोन्ही निर्णयांची चर्चा झाली ती नव्या मोटारी किती स्वस्त होणार आणि जुन्या किती लवकर रस्त्यावरून हटणार, एवढ्यापुरतीच. ज्याच्या दारात १६ वर्षांची मोटार उभी आहे आणि जिचा क्लच पुढच्या महिन्यात बदलावा लागणार आहे, त्या माणसाची आठवण या चर्चेत कोणास झाली नाही.

हा माणूस हौशी संग्राहक नव्हे. तो माध्यमिक शाळेतील शिक्षक आहे, जिल्हा परिषदेतील लिपिक आहे, किंवा नुकताच नोकरीस लागलेला आणि मामाची जुनी गाडी वापरणारा पदवीधर आहे. त्याची मोटार महिन्याकाठी तीनचारशे किलोमीटर चालते. आईला रुग्णालयात न्यावयाचे असते, लग्नसराईत गावी जावयाचे असते, पावसाळ्यात मुलांना परीक्षेला पोचवावयाचे असते. एवढ्यासाठी पाचसात वर्षे बँकेचे हप्ते फेडीत बसावे, हा व्यवहार त्याला परवडत नाही, आणि तो करीत नाही यात त्याचा शहाणपणाच दिसतो. सांगाडा गंजलेला नाही, इंजिन धूर ओकीत नाही, तोवर दुरुस्ती हाच स्वस्त मार्ग असतो. जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण १३ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर झाले, तेव्हा प्रदूषणाचा मुद्दा पुढे करण्यात आला होता. तो खोटा नाही. तथापि गाडीचे प्रदूषण केवळ तिच्या जन्मवर्षावर ठरत नाही, ती कशी राखली आहे यावरही ठरते. आणि ती राखण्यासाठी चांगले सुटे भाग रास्त किमतीत मिळावे लागतात.

नेमकी येथेच त्याची गाठ एका विलक्षण बाजाराशी पडते. गाडी गॅरेजमध्ये उचलून धरलेली असते, चाक काढलेले असते आणि मेकॅनिक हात पुशीत विचारतो, ‘सर, कंपनीचा टाकू की लोकल?’ वर्गात प्रमेये सोडवून दाखविणाऱ्या गणिताच्या शिक्षकालाही या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. कारण ‘कंपनीचा’ म्हणजे काय आणि ‘लोकल’ म्हणजे काय, हे विचारणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते.

वस्तुस्थिती अशी की मोटार बनविणारी कंपनी मोटारीचे बहुतेक भाग स्वतः बनवीतच नाही. ब्रेक एकाचे, क्लच दुसऱ्याचा, दिवे तिसऱ्याचे, रबरी नळ्या चौथ्याच्या. चाकण, भोसरी, वाळूज, नाशिकचे सातपूर, कोल्हापूरच्या ओतकामाच्या भट्ट्या, तिकडे चेन्नई आणि गुरुग्रामचा परिसर, अशा अनेक ठिकाणचे कारखानदार हे भाग घडवितात आणि मोटार कंपनी ते जुळविते. तोच भाग पुढे दोन वाटांनी बाजारात येतो. एका वाटेने मोटार कंपनीच्या नावाच्या खोक्यात आणि दुसऱ्या वाटेने तो घडविणाऱ्या कारखान्याच्या स्वतःच्या खोक्यात. दुसरा भाग बहुधा स्वस्त असतो. गुणांत फरक असतोच असे नाही. म्हणजे ‘कंपनीचा की लोकल’ या प्रश्नाला एक तिसरे उत्तर आहे आणि मध्यमवर्गीय ग्राहकाच्या दृष्टीने पुष्कळदा तेच सर्वांत उत्तम असते: ज्या कारखान्याने मूळ भाग बनविला, त्याच कारखान्याच्या नावाचा. जुना भाग काढल्यावर तो पुसून त्यावरील छाप वाचला, तर या कारखान्याचे नाव बहुधा सापडते. एवढे कष्ट फारच थोडे मोटारमालक घेतात. मेकॅनिककडून जुना भाग परत मागून घ्यावा, ही साधी गोष्टही आपल्याकडे संशयखोरपणाची समजली जाते.

त्याखाली येतो तो खरा ‘लोकल’ माल. हा स्वतःच्या नावाने, उघडपणे विकला जाणारा, परंतु मोटार कंपनीला कधीच न पुरविलेला. तो सरसकट टाकाऊ मानणे हा अन्याय आहे. लहान कारखानदाराने केलेला दाराचा हँडल किंवा सायलेन्सरचा कंस वर्षानुवर्षे टिकल्याची उदाहरणे गल्लोगल्ली आहेत. त्याही खाली येतो नकली माल. हा दुसऱ्याचे नाव, दुसऱ्याचे खोके आणि दुसऱ्याचा छाप चोरून विकला जातो. लोकल आणि नकली या दोहोंत नीतीचा आणि कायद्याचा मोठा फरक आहे, पण गॅरेजच्या बोलीत दोहोंनाही ‘डुप्लिकेट’ हा एकच शब्द वापरला जातो आणि त्यामुळे प्रामाणिक लघुउद्योजक व भामटा एकाच पंक्तीस बसतात. शेवटी उरतो भंगारातला माल, ज्याविषयी पुढे बोलावे लागेल.

आता काटकसर कोठे करावी, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर भागाच्या किमतीवरून ठरवावयाचे नसून तो भाग तुटल्यास काय होईल यावरून ठरवावयाचे असते. खिडकीची काच वर न गेल्यास पाऊस आत येतो. ब्रेक न लागल्यास माणूस जातो. ब्रेकचे पॅड बाहेरून सारखेच दिसतात. लोखंडी पत्रा, त्यावर चिकटविलेला घर्षणाचा थर. नवा असताना, सावकाश चालविताना, नकली पॅडही गाडी थांबवितो आणि ग्राहकाला वाटते, पैसे वाचले. परंतु खंडाळ्याचा किंवा आंबोलीचा घाट उतरताना वारंवार ब्रेक दाबला म्हणजे तो थर तापतो. चांगला पॅड त्या उष्णतेतही आपली पकड बऱ्याच अंशी राखतो, तर हलक्या पॅडची पकड ढळत जाते, आणि कधीकधी तो थर पत्र्यापासून सुटूनही येतो. म्हणजे ज्या क्षणी भागाची परीक्षा होते, नेमका त्याच क्षणी तो नापास होतो. त्यापूर्वी त्याची परीक्षा घेण्याचे कोणतेही साधन ग्राहकाच्या हाती नसते. म्हणूनच येथे भाग घडविणाऱ्याच्या नावावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नाही आणि ते नाव खरे आहे याची खातरजमा करण्यास पर्याय नाही.

ब्रेकचे तेल आणि रबरे यांबद्दलचे अज्ञान तर याहून मोठे आहे. हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. ओलावा वाढला की ते कमी तापमानाला उकळते, नळीत वाफ धरते आणि पायाखालचे पेडल स्पंजासारखे दबते. दोन वर्षांनी ते बदलावे, हा सर्वमान्य दंडक. त्यास लागणारा खर्च एका कुटुंबाच्या हॉटेलातील जेवणाइतकाही नसतो. तरी दहा-दहा वर्षे तेच तेल वाहणाऱ्या गाड्या रस्त्यावर आहेत. दुसरीकडे, सिलिंडरची नवी रबरे बसविताना ती पेट्रोलने किंवा रॉकेलने धुऊन काढण्याची सवय अनेक गॅरेजांत आजही दिसते. खनिज तेलाने ही रबरे फुगतात आणि कुजतात. उत्तम कंपनीचा भाग आणून तो असा बसविला, तर लोकल भागात आणि त्यात अंतर ते काय राहिले? भाग निवडण्याइतकेच तो बसविणारा हात निवडणे महत्त्वाचे आहे, हे या विषयावरील चर्चेत नेहमी विसरले जाते.

स्टीअरिंगचे सांधे, पुढच्या चाकांचे बॉल जॉइंट, बेअरिंगे आणि टायर यांनाही हाच न्याय लागू. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. ‘३५२४’ याचा अर्थ २०२४ सालच्या ३५ व्या आठवड्यात तो तयार झाला. दुकानात चारपाच वर्षे पडून राहिलेला टायर सवलतीत मिळतो, त्याची नक्षी कोरी असते, पण रबर म्हातारे झालेले असते. मालमोटारींच्या टायरांवर नवा थर चढवून ते वापरण्याचा उद्योग प्रतिष्ठित आहे आणि उपयुक्तही. पण म्हणून लहान मोटारीच्या पुढच्या चाकांना कोपऱ्यावरच्या दुकानातून रिमोल्ड टायर घालणे हे धाडस नसून बेफिकिरी आहे. टायर आणि शॉक ॲब्सॉर्बर एका आसावर जोडीने बदलावेत, एकटादुकटा नव्हे. बजेट तोकडे असेल तर पुढची जोडी आज आणि मागची सहा महिन्यांनी, हा मार्ग चारही चाकांना स्वस्त माल बसविण्यापेक्षा चांगला.

दुसरा एक वर्ग असा आहे की ज्याच्या बिघाडाने प्राण जात नाही, पण खिसा फाटतो. ऑइल फिल्टर हे याचे नमुनेदार उदाहरण. पत्र्याच्या डब्यात कागद किती आहे, आतली झडप उघडते की नाही, हे बाहेरून कळत नाही. खऱ्या आणि खोट्या फिल्टरच्या किमतीतला फरक एका किलो शेंगदाण्याइतका, आणि धोक्यात येते ते संपूर्ण इंजिन. ज्या इंजिनांत टायमिंग बेल्ट असतो, त्या बेल्टची गोष्ट तशीच. पुष्कळ इंजिनांत तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि दुरुस्तीचा खर्च कधीकधी जुन्या गाडीच्या किमतीच्या घरात जातो. येथे मजुरीचा हिशेबही ध्यानात घ्यावा लागतो. क्लच प्लेट बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ती मजुरी एकदा दिली की प्रेशर प्लेट व रिलीज बेअरिंग त्याच वेळी बदलावयास पुन्हा मजुरी पडत नाही. केवळ प्लेट बदलून ‘बाकीचे चालेल’ म्हणणारा मेकॅनिक ग्राहकाचे पैसे वाचवीत नाही; तो त्याला सहा महिन्यांनी पुन्हा बोलावतो. हातच्या पैशांत भाग बसवावयाचे, तर ज्या कामास मजुरी मोठी आणि भाग लहान, तेथे भाग उत्तमच घ्यावा.

‘चालेल’ या शब्दाने आपल्या मोटारींचे जेवढे नुकसान केले आहे तेवढे खड्ड्यांनीही केले नसेल. इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकून देणे, हा या संप्रदायातील एक लोकप्रिय उपाय. तापण्याचे कारण बहुधा गंजलेला रेडिएटर किंवा थकलेला पंप असते. पण थर्मोस्टॅट गेला की इंजिन लवकर ऊब धरत नाही, पेट्रोल जास्त खाते आणि झिजते. त्या लहानशा भागाची किंमत काही शे रुपये. ज्या देशात जुन्या गाडीवर प्रदूषणाचा ठपका ठेवला जातो, त्या देशात हा भाग परत बसवून घेण्याची सक्ती कोणत्याही तपासणीत होत नाही.

याउलट, जेथे मोकळ्या मनाने काटकसर करावी असे क्षेत्रही विस्तीर्ण आहे. दरवाजे, बॉनेट, बंपर, दिव्यांचे काचेचे साचे, आरसे, बैठका, खिडक्यांची यंत्रणा, डॅशबोर्डवरील बटणे, चाकांच्या रिंगा हे सारे भंगार बाजारातून घ्यावयास काहीच हरकत नाही. रिंग मात्र वाकलेली वा चिरलेली नाही एवढे पाहावे. डायनॅमो आणि स्टार्टर चांगल्या कारागिराकडून पुन्हा बांधून घेता येतात. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रस्ता, चेन्नईत पुदुपेट, दिल्लीत मायापुरी, कोलकात्यात मल्लिक बाजार, ही या व्यवसायाची क्षेत्रेच आहेत. पांढरपेशा ग्राहक तेथे जावयास संकोचतो. त्याने मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीकडे पाहावयास हवे होते. कुर्ल्याच्या कारखान्यातील प्रीमियर पद्मिनीचे उत्पादन चालू शतकाच्या उंबरठ्यावर थांबले, आणि तरीही ती टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादा संपेपर्यंत मुंबईच्या रस्त्यावर होती. दोन दशकांहून अधिक काळ या गाड्या कोणी चालविल्या? एका मोडीत निघालेल्या गाडीतून दुसरीस जीवदान देणाऱ्या भंगारवाल्यांनी, लेथवर भाग कातून देणाऱ्या कारागिरांनी आणि पैसा न् पैसा मोजणाऱ्या टॅक्सीवाल्यांनी. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात या विद्येला जागा नाही, हा भाग वेगळा.

भंगारातून काय घेऊ नये, हे मात्र तेवढ्याच ठामपणे सांगावयास हवे. ब्रेकचा व स्टीअरिंगचा कोणताही भाग, सुरक्षा पट्टे आणि एअरबॅग यांना तेथे हात लावू नये. अपघातात एकदा ताणलेला पट्टा दुसऱ्यांदा तेवढ्याच विश्वासाने धरील याची हमी नाही. पूर्ण इंजिन घ्यावयाचे तर त्याच्या मूळ गाडीची कागदपत्रे मिळवून बदललेला क्रमांक परिवहन कार्यालयात नोंदवून घ्यावा लागतो. हा सोपस्कार टाळणाऱ्यास पुढे विमा कंपनी आणि पोलिस या दोहोंपुढे उभे राहण्याची पाळी येते. चोरीचा माल स्वस्त असतो, याचे आश्चर्य वाटावयास नको.

विम्याचा विषय निघालाच आहे तर एक अप्रिय आकडाही नोंदविला पाहिजे. रूढ विमा करारात दहा वर्षांपुढील मोटारीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा धरला जातो. रबरी आणि प्लॅस्टिकच्या भागांवर तर गाडी नवी असो वा जुनी, ५० टक्केच. म्हणजे अपघातानंतर सुट्या भागांचा निम्मा खर्च मालकाच्याच माथी येतो. सर्वसमावेशक विमा उतरविला म्हणून निर्धास्त असलेल्या कित्येकांना हे गॅरेजचे बिल हाती पडल्यावर कळते.

नकली मालाविरुद्ध कायदे नाहीत असे नाही. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार खोटे चिन्ह लावून माल विकणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने सुरक्षेच्या दृष्टीने कळीचे म्हणून अधिसूचित केलेले भाग नियमबाह्य असल्यास ते विकणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक भागामागे १ लाख रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत. शब्द कडक आहेत. परंतु फसवणुकीची तक्रार करण्यासाठी ग्राहकाजवळ काहीतरी पुरावा हवा आणि तो पुरावा म्हणजे पावती. ‘बिल हवे असेल तर कर लागेल,’ असे दुकानदार म्हणतो आणि ग्राहक लगेच विरघळतो. कर २८ टक्के होता तेव्हा या मोहाचे निदान कारण तरी समजण्यासारखे होते. आता तो १८ टक्के झाल्यावर, भागाचा क्रमांक, उत्पादकाचे नाव आणि किंमत लिहिलेली पावती न मागणारा ग्राहक स्वतःच नकली मालाच्या व्यापाराला भांडवल पुरवितो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीबद्दल उत्पादक व विक्रेता यांना जबाबदार धरण्याची तरतूद केली. पावतीवाचून ती तरतूद कागदावरच राहते.

तथापि सगळा दोष ग्राहकाच्या पदरी टाकून मोटार कंपन्यांना मोकळे सोडता येणार नाही. नकली माल फोफावतो तो खरा माल एकतर मिळत नाही म्हणून किंवा न परवडणाऱ्या किमतीला मिळतो म्हणून. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपये दंड ठोठावला, तो याच कारणासाठी. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने या कंपन्या आपल्या अधिकृत विक्रेत्यांबाहेर जाऊ देत नाहीत आणि स्वतंत्र गॅरेजांची कोंडी करतात, असा आयोगाचा निष्कर्ष होता. भाग घडविणाऱ्या कारखान्यांना ते खुल्या बाजारात विकू द्यावेत, भागांच्या किमती जाहीर कराव्यात, बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने हमी सरसकट रद्द करू नये, असे आदेशही त्याने दिले. त्याविरुद्ध अपिले झाली आणि वाद वरिष्ठ न्यायालयांपर्यंत गेला. दरम्यान ज्या गाड्यांच्या संबंधात ही तक्रार उद्भवली, त्या गाड्याच आता जुन्या झाल्या आणि त्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकांच्या हाती गेल्या. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यासाठी माहितीचे दालनही उघडले, आणि त्यात मोटारींचा समावेश केला. माहिती देणे कंपन्यांच्या मर्जीवर सोडले, तर या दालनात ग्राहकाला टोल-फ्री क्रमांकांखेरीज फारसे काही गवसणार नाही.

आवश्यक आहे ते फार अवघड नाही. एखाद्या नमुन्याचे उत्पादन थांबविल्यानंतर किमान किती वर्षे त्याचे ब्रेकचे, स्टीअरिंगचे आणि इंजिनाचे भाग पुरविणे कंपनीवर बंधनकारक राहील, हे कायद्याने ठरवावे. प्रत्येक भाग मूळ कोणत्या कारखान्याने घडविला, हे जाहीर करावयास लावावे. सरकारमान्य मोडकेंद्रांत गाडी सुटी होते तेव्हा निघणारे धड दरवाजे, काचा, बैठका तपासून, चिठ्ठी लावून, पावतीसह विकण्याची सोय व्हावी, म्हणजे सामान्य माणसाला भंगार बाजारात दबकत जावे लागणार नाही. आणि नूतनीकरणासाठी ५,००० किंवा १०,००० रुपये मोजणाऱ्या मालकाला तपासणीनंतर ‘उत्तीर्ण’ असा एक शिक्का देऊन परत पाठवू नये. त्याच्या गाडीच्या चारही चाकांचे ब्रेक किती जोर धरतात, कोणत्या चाकाचा कमी पडतो, पुढच्या सांध्यांत खेळ किती आहे, हे आकडे छापलेला कागद त्याच्या हातात द्यावा. तो कागद घेऊन शिक्षक गॅरेजमध्ये गेला, तर कोणता भाग आज बदलावयाचा आणि कोणता दिवाळीनंतर, हे त्याला मेकॅनिकला विचारावे लागणार नाही.